अर्धा इंच कमी

२ मार्च

ती. ताईस,
वाकडीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग जरा जपूनच घालतेय, कारण जमिनीवर टाचण्या सांडल्यात.

पार्सल मिळालं. उघडलं आणि डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की मी आधी खिडकी गाठली. आईने हे कापड बावीस वर्षं ट्रंकेत कशासाठी दडपून ठेवलं होतं, देव जाणे. फिकट निळी वायल, त्यावर बारीक पांढरे ठिपके. कापड देखणं आहे, मान्य. पण हातात धरलं की घसरतं, टेबलावर ठेवलं की घसरतं, आणि एका जागी राहील तर शपथ. आणि तिचं ते खाकी कागदाचं पेपर कटिंग! घड्यांमध्ये कसर मरून चिकटलेली. ती मी चिमट्याने एकेक करून काढली. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या आणि शौचाच्या बाटल्या हाताळणारी मी, पण त्या मेलेल्या किड्यांमुळे मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आईने हे काम माझ्या गळ्यात का मारलं, ते मला कळत नाही. तू म्हणतेस तुझं मशीन सोफ्याच्या कव्हरांचं, त्याच्या सुईखाली वायल गेली तर चिंध्या होतील. ते ठीक. पण अठ्ठावीस वर्षं शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईची मुलगी असून जिला एक शिवण सरळ घालता आली नाही, जिचं त्यावरून घरात वाकडी हेच नाव पडलं, तिच्याकडून तिला ब्लाउज हवाय? सूड उगवतेय माझ्यावर, दुसरं काय.

तरी मी शिवणार आहे. मागच्या वर्षीच्या ऑपरेशनपासून पोटावर ती शौचाची पिशवी लागली आणि आई चौदा महिने घराबाहेर पडलेली नाही. ताणणारे कपडे अंगाला चिकटून पिशवी दाखवतात, जाड कपड्यांत तिला घाम फुटतो. आता अठ्ठावीस एप्रिलला तिचा वर्ग कायमचा बंद होतोय, सगळ्या जुन्या विद्यार्थिनी येणार आहेत, आणि तिने सांगून ठेवलंय की गाऊन घालून मी माझ्या मुलींसमोर जाणार नाही. म्हणजे पोट झाकणारा हा लांब ब्लाउज झाला तर ती बाहेर पडेल, नाही तर नाही. पुन्हा अशी तारीख येणार नाही.

तेव्हा मापं पाठव. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, उंची. फोनवर नको, फोन तिच्या उशाशी असतो आणि ती प्रत्येक आकड्यावर व्याख्यान देईल. आठवतंय ना, घामट गिऱ्हाइकाचं माप घेताना एका मुलीने नाक मुरडलं होतं, तेव्हा आई सगळ्या वर्गासमोर तिला म्हणाली होती की नाक मुरडायचं तर मुरड, टेप सरळ धर. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि महिनाभर तेच बोलत फिरत होते.

लोभ आहेच, तो निदान या कापडासारखा घसरू देऊ नकोस.
तुझी वाकडी

•

६ मार्च

चि. वाकडीस,
अनेक आशीर्वाद. पुरवून वापर, पुढे लागतील.

मापं अशी: छाती साडेपस्तीस, कंबर साडेएकतीस, खांदा चौदा, मुंढा साडेसोळा, बाही साडेअठरा, उंची साडेतेवीस. आई थोडी उतरलीय, पण फार नाही. कंबरेत दोन इंच सैल ठेव, म्हणजे पिशवी दबणार नाही.

तुला किळस आली म्हणतेस, तर माझं ऐक. परवा एक सोफा आला कव्हर बदलायला. गादीच्या फटीत काय निघालं? कुणीतरी वर्षानुवर्षं कापलेली नखं, चघळून चिकटवलेला गम, आणि बुरशी आलेला पावाचा तुकडा, त्यावर केस. मी सगळं उघड्या हाताने काढलं. गिऱ्हाईक बाई शेजारी उभी राहून म्हणत होती की आमच्याकडे फार स्वच्छता असते. मी म्हटलं, दिसतंय.

इथलं बाकी ठीक. नर्सबाई सकाळी नऊला येतात, आईला पुसून काढतात, पिशवी बदलतात. त्यांचं होईपर्यंत मी पुढच्या खोलीत मशिनवर असते, कारण दोघींची तिथे गर्दीच होते. आई चिडचिड करते. तुझी पत्रं तिला वाचून हवी असतात. मी वाचते, नको ते गाळून. ती कसर गाळली, तिच्या ट्रंकेचा अपमान तिला सहन झाला नसता.

वायलीला कापण्याआधी खळ दे, म्हणजे घसरणार नाही. आणि घाई करू नकोस. तुझ्या हातात कात्री असली की माझा जीव अजून वर-खाली होतो.

तुझी ताई

•

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. हात तेलाने बरबटलेत, म्हणून नमस्कार लांबूनच.

आईचा नियम पाळला. चांगल्या कापडाला हात लावण्याआधी जुन्या पलंगपोसाचा कच्चा ब्लाउज शिवलाय, मोठे टाके घालून. तो या पार्सलमध्ये आहे. त्यावर जो काळा डाग आहे, ते मशीनचं तेल. सहा वर्षं न उघडलेल्या मशीनमधून काय काय निघालं ते सांगत नाही, तुझ्या सोफ्याची बरोबरी होईल. एक बाही मी उलटी लावली होती. ब्लाउज उचलून बघते तर एक हात पुढे आणि एक मागे. लॅबमधल्या रक्त तपासणाऱ्याला ते सांगितलं तर तो चहा सांडेपर्यंत हसला, आणि तो चहा नमुन्यांच्या ट्रेमध्ये गेला. त्याच्या हातचा अहवाल आला तर दुसरीकडे तपासून घे.

आता तुझं काम. हा आईच्या अंगावर चढव, बटणांच्या जागी टाचण्या लाव. जिथे सैल असेल तिथे चिमटीत धरून टाचणी, जिथे ओढत असेल तिथे पेन्सिलीची खूण. तिला बसवून बघ आणि उभी करूनही बघ. हात वर करायला सांग. मग टाचण्यांसकट परत पाठव. एकदा वायलीला कात्री लागली की मागे जाता येणार नाही, दुसरं कापड नाहीये. मला स्वप्नातसुद्धा मुंढे दिसतात.

आई काय म्हणते तेही लिही. वाईट म्हणाली तर तसंच लिही, माझी सवय मोडलेली नाही.

तुझी वाकडी

•

१७ मार्च

चि. वाकडीस,
आशीर्वाद.

कच्चा ब्लाउज परत पाठवतेय. छान बसला. दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावलीय, तेवढंच घे आत. बाकी काही करायला नको. आई काही विशेष म्हणाली नाही. कामाची गडबड आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

तुझी ताई

•

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. की झाला! झाला एकदाचा ब्लाउज! पार्सल सोबत आहे.

पण आधी तुझ्या पार्सलबद्दल. लॅबमध्ये नमुना आला की आम्ही पहिल्यांदा बघतो, बाटली उघडलेली आहे का. त्या सवयीने मी तो पलंगपोसाचा ब्लाउज उलटसुलट केला, हुंगला. साबणाचा वास, दुसरं काही नाही. घड्यासुद्धा मी घातल्या होत्या तिथेच. आई हल्ली फारच नीटनेटकी झालेली दिसते, अंगावर घातलेल्या कपड्याला एक सुरकुती पाडत नाही. असो, तू सांगितलंस छान बसला, मला तेवढं पुरे.

खळ केली. ताई, खळ ही इतकी घाणेरडी गोष्ट आहे हे कुणी मला आधी का नाही सांगितलं? पातेल्यात गुठळ्या, गुठळ्यांवर साय, आणि त्यात कापड बुडवून पिळायचं म्हणजे सर्दी झालेल्या माणसाचा रुमाल पिळल्यासारखं. पण कापड ताठ झालं, हे खरं. मग जमिनीवर पातळ कागद, त्यावर वायल, त्यावर तुझ्या मापांप्रमाणे कडा दुमडलेलं आईचं पेपर कटिंग, आणि सगळ्यावर माझ्या स्वयंपाकघरातली यच्चयावत वजनं. उभा धागा सरळ आहे का ते मी पट्टीने सात वेळा मोजलं. कात्री चालवली तेव्हा श्वास घेतला नाही.

साधी शिवण घातली तर कडेचे धागे निघून कापड विरत जातं, म्हणून सगळीकडे दुहेरी शिवण घातलीय. आधी सुलट बाजूने, मग उलटून आत, म्हणजे धागे आतल्या आत कोंडले जातात. नऊ नंबरची सुई, बारीक टाका. डाव्या बाजूची शिवण चार वेळा उसवली. चौथ्यांदा मी मशीनला जे बोलले ते गाळूनच वाच. खालची पट्टी हाताने दुमडताना बोटात सुई गेली आणि थेंबभर रक्त पडलं. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने जातो असं आई वर्गात सांगायची. लॅबवाली म्हणून मी यावर सही करणार नाही, पण थुंकले आणि डाग गेला. शी, किती ओंगळ धंदा आहे हा! आणि तरी सांगते, पूर्ण झाल्यावर मी तो दोरीवर टांगून अर्धा तास नुसती बघत बसले.

तिला घाल आणि लगेच लिही. लोभ राहू दे, निदान उत्तर येईपर्यंत तरी.
तुझी वाकडी

•

३ एप्रिल

चि. वाकडीस,
आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. ब्लाउज मोठा झाला. थोडा नाही, खूपच. नर्सबाईंनी घातला, मी दारात उभी होते. गळा एका खांद्यावरून खाली उतरला. मुंढे फासळ्यांपर्यंत लोंबत होते आणि त्यातून आतलं सगळं दिसत होतं, पिशवीसुद्धा. आई आरशात बघत राहिली, मग शी म्हणाली. असं तोंड करून म्हणाली की नर्सबाईंनी पटकन काढून घेतला. हा ब्लाउज नाही, उशीचा अभ्रा आहे, वाकडी ती वाकडीच राहिली, असं म्हणाली. आणि वर्गाला कळवून टाक मी येत नाही, हेही सांगितलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. असलं कापड कधी कधी सैल पडतं, खळ निघाली की पसरतं. तुझा फार दोष नाही.

तुझी ताई

•

६ एप्रिल

ताई,
नमस्कार नंतर. आधी हे वाच.

तुझं पत्र आल्यावर मी लॅबमधून अर्धी सुट्टी काढून आले आणि रडले. माझा फार दोष नाही म्हणे! म्हणजे थोडा आहे. मी ठरवलं की तो थोडा कुठे आहे ते शोधायचं. पलंगपोसाचा कच्चा ब्लाउज मोजला. तुझ्या मापाप्रमाणे बरोबर. पेपर कटिंग मोजलं. बरोबर. मग ते गुंडाळून ठेवायला उलटं केलं, तर मागे आईच्या हातची पेन्सिल. पाच वर्षांपूर्वीची तारीख आणि तिची स्वतःची मापं. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, खांदा साडेचौदा, मुंढा सतरा, बाही एकोणीस, उंची चोवीस.

आता तुझं सहा मार्चचं पत्र शेजारी ठेव. प्रत्येक आकडा बरोब्बर अर्ध्या इंचाने कमी. सहाच्या सहा. माणूस असा टापटिपीने, सगळीकडून अर्धा अर्धा इंच आटत नाही, ताई. आणि खांदा? खांद्याची हाडं अर्धा इंच कशी आटली? बाहीची लांबी कशी आटली? आईच्या वर्गातल्या पहिल्या आठवड्याच्या मुलीलाही हे कळलं असतं, आणि तू तर तिथली पहिली आलेली.

तू टेप लावलीच नाहीस. कच्चा ब्लाउजही घातला नाहीस. हो ना? लॅबमध्ये असं कुणी केलं, नमुना न बघता आकडा लिहिला, तर त्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवतो. मला किळस आलीय तुझी. हा शब्द मी विचार करून लिहितेय. तिच्या ट्रंकेतलं ते एकच कापड होतं, आणि तिने शी म्हटलं ते मला म्हटलं, आणि तू दारात उभी राहून ऐकलंस.

का केलंस ते लिही. कापड पसरतं हे पुन्हा लिहू नकोस.
वाकडी

•

१० एप्रिल

चि. वाकडीस,
आशीर्वाद द्यायला मला तोंड नाही, तरी देते.

मी टेप घेऊन गेले होते. चार मार्चला, नर्सबाई गेल्यावर. आईने गाऊनची बटणं काढली. मी टेप मागून पुढे घेतली आणि माझं मनगट पिशवीला लागलं. ती गरम होती. अर्धी भरलेली. आणि आत काहीतरी हललं. वास आला, म्हणजे वास नेहमीच असतो, पण इतक्या जवळून नाही. माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी आईला म्हटलं गिऱ्हाईक आलंय, आणि बाहेर आले. बाहेर कुणी नव्हतं. मी मशिनपाशी बसून एका कव्हरावर उगाच शिवण घालत राहिले. परत गेले तेव्हा तिने बटणं लावून घेतली होती.

मग तिच्या मापांच्या वहीतून आकडे उतरवले. जरा बारीक झालीय म्हणून सगळ्यातून अर्धा इंच काढला. हाडांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कच्चा ब्लाउज आला तेव्हा वाटलं की आता हे खोटं पकडलं जाणार, म्हणून तोही घातला नाही. टाचण्या मी स्वयंपाकघरात उभी राहून लावल्या. परवा तो निळा ब्लाउज तिच्या अंगावर लोंबला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की चादरीखाली आई किती थोडी उरलीय. मी एकाच घरात राहते आणि मला माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

लोकांच्या सोफ्यातली नखं मी उघड्या हाताने काढते. मग आपल्याच आईची किळस का यावी? विचार करून करून डोकं शिणलं. सोफा माझ्याकडे बघत नाही, एवढंच उत्तर सापडलं. मी हात मागे घेतला तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. मला स्वतःचीच घाण वाटते. आंघोळ करते, पुन्हा करते, जात नाही.

पण तू मला किळस आली म्हणालीस ना, तर हेही ऐकून घे. तुझ्या बाटल्यांना झाकण असतं, वर चिठ्ठी असते, आणि पाच वाजता तू हात धुऊन घरी जातेस. पंधरा महिन्यांत तू दोनदा आलीस. दोन्ही वेळा खुर्ची दारापाशी ओढून बसलीस. खिडकी उघडू का, असं तासाभरात चार वेळा विचारलंस. मी मोजलं होतं. ते माप मात्र मी खरं घेतलंय.

ताई

•

१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. या वेळी खरोखरचा.

खुर्ची दारापाशी होती. खरं आहे. मी गाडीत बसल्यावर रुमाल नाकाशी धरला होता, आणि घरी येऊन अंगावरचे कपडे वेगळे धुतले, हे तुला माहीत नव्हतं, तेही आता सांगते. रोज जे काचेत बघते तेच आईच्या अंगावर होतं, आणि मला ते चाललं नाही. ब्लाउज शिवायला मी हो म्हटलं तेव्हा पहिला विचार हाच आला की पार्सलने भागेल, जावं लागणार नाही. मापं घ्यायला मी स्वतः आले असते तर हे काही झालंच नसतं. मी सगळी शिसारी त्या मेलेल्या कसरीवर काढली, आणि मग तुझ्यावर.

पण आईला असंच वाटत राहिलं की तिची धाकटी बेफिकीर आहे, आणि त्या रागात ती अठ्ठावीस तारीख घरात बसून काढेल, हे चालणार नाही. तुझं पत्र मी परत पाठवतेय. ते आणि हे, दोन्ही तिला वाचून दाखव. पूर्ण. काहीही न गाळता, खुर्चीचंही आणि पिशवीचंही. तुझ्याने झालं नाही तर मी फोन करीन, आणि तो तिच्या उशाशी वाजेल.

मला भीती वाटतेय, ताई. तुलाही वाटत असणार.
तुझी वाकडी

•

१७ एप्रिल

चि. वाकडीस,
आईचे आशीर्वाद. ताई हात धुतेय, म्हणून मी लिहिते. पडून लिहिलंय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

पत्रं ऐकली. दोन्ही, सबंध. ताईला वाटतं ती गाळते ते मला कळत नाही. गाळायच्या आधी ती श्वास घेते, लहानपणापासून. तुझ्या पहिल्या पत्रातलं काहीतरी तिने गाळलं हे मला त्याच दिवशी कळलं, कारण ती वाचता वाचता थांबून तोंड दाबून हसली होती. ट्रंकेत कसर झाली असेल तर ती माझी चूक.

मापं घेतली नाहीत हेही मला माहीत होतं. माझ्या अंगाला टेप लागली की नाही हे मला दुसऱ्याने सांगायचं का? तुझा तो पलंगपोसाचा ब्लाउज कपाटावर तीन दिवस पडून होता, मला पलंगावरून दिसायचा. मी गप्प बसले. त्या दिवशी ताईचं तोंड बघितलं होतं आणि मला तिचा राग आला नाही, कारण माझंही तसंच होतं. नर्सबाई पिशवी बदलतात तेव्हा मी भिंतीकडे बघते. पंधरा महिन्यांत मी पोटावरचं ते भोक एकदाही नीट पाहिलेलं नाही. वाटलं, कुणी हात न लावता, कुणी न बघता एक ब्लाउज होत असेल तर होऊ दे. वर्गात अशी चोरी करणाऱ्या मुलीला मी दाराबाहेर उभं केलं असतं.

आणि मी शी म्हटलं ते तुझ्या शिवणीला नव्हतं. आरशात जी बाई दिसली तिला होतं. तिच्याकडे बघवेना म्हणून मी ते तुझ्या नावावर खपवलं. अभ्रा म्हटलं तेही. चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन सगळ्या शिवणी बघितल्या. डावीकडची तू जास्त वेळा उसवलीस ते सुईच्या भोकांवरून कळतं. खालच्या पट्टीवर कुठे थुंकलीस तेही सापडलं. शिवण सरळ आहे. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. माझ्या वर्गात वायलीवर इतकी सरळ दुहेरी शिवण घालणाऱ्या तीनच मुली झाल्या, आणि त्यांत ताई नव्हती.

काल पत्रं वाचून झाल्यावर मी टेप मागितली. नर्सबाईंना बाहेर बसायला सांगितलं. गाऊन पूर्ण काढला आणि खिडकीचा पडदा बाजूला करायला लावला, उजेडाशिवाय माप घेत नाहीत. ताईने छातीपासून सुरुवात केली. कंबरेपाशी आली आणि बेसिनकडे पळाली. ओकली. तोंड धुऊन आली. मी तशीच उघडी बसून होते. तिने टेप पुन्हा उचलली, तेव्हा मी दोन्ही हातांनी पिशवी उचलून बाजूला धरली, आणि धरायची म्हणून मग मला तिच्याकडे बघावंच लागलं. गरमच असते ती, खरंच. माझीच ऊब आहे, दुसऱ्या कुणाची असणार?

मापं: छाती साडेएकोणतीस. कंबर सव्वासत्तावीस, पिशवीवर टेप न दाबता. मुंढा चौदा. बाही एकोणीस. उंची चोवीस. खांदा साडेचौदा, तेवढाच आहे. ताईने आकडे मोठ्याने म्हटले, मी वहीत लिहिले, तारीख घातली.

मी अठ्ठावीसला जाणार आहे. ताईने वर्गात तसं कळवलंय. घेरात कापड जास्तच आहे, आणि खांदा, बाही, उंचीला कमी पडतो तो अर्धा इंच शिवणींतून आणि पट्टीतून सोडता येईल, तेव्हा रडारड बंद कर. ब्लाउज परत पाठवत नाहीये, कारण मी तो उसवायला घेतलाय. उसवणं पडल्यापडल्या जमतं. बाह्या निघाल्या, उद्या बाजू निघतील. ताईच्या त्या दांडगट मशीनखाली तो घालायचा नाही, हाताने शिवायचा. तिघी बसलो तर दोन दिवसांचं काम आहे. तेव्हा तू पंचवीसला सकाळी ये. बारीक सुया आण, निळा दोरा आण, आणि राहायच्या तयारीने ये.

खुर्ची पलंगाला लावून ठेवलीय, ती हलवायची नाही. खिडकी हवी तेवढी उघड. आल्यावर माप पुन्हा तू घ्यायचंस. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर शिवायचं नसतं, हे मी तुला आठव्या वर्षी शिकवलं होतं. ओकारी आली तर बेसिन उजव्या हाताला आहे. जायचं, तोंड धुवायचं, हात कोरडे करायचे, परत यायचं, आणि टेप सरळ धरायची.

तुझी आई